तापलेली गाडी परत सुरू होईना

जुनी पेट्रोल गाडी. थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. पण चांगली तापल्यावर बंद केली की स्टार्टर नुसता फिरायचा, इंजिन पकडायचंच नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. असा दोष गाडी गरम असतानाच शोधावा लागतो, थंड झाली की सगळं ठणठणीत दिसतं.

स्टार्टर जोमात फिरत होता, म्हणजे बॅटरीवरचा संशय मिटला. पेट्रोलचं प्रेशरही गेजवर टिकून होतं. मग स्पार्क टेस्टर लावला, तर ठिणगीच नाही! शिवाय स्टार्टर फिरताना आरपीएमचा काटा जराही हलेना. ही खूण फार मोलाची. संशय थेट क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय का हे टिपणाऱ्या सेन्सरवर गेला. त्यातली तांब्याच्या तारेची गुंडाळी तापून प्रसरण पावते, कमकुवत सांधा सुटतो आणि इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतच नाही, मग तो ठिणगीही देत नाही.

मल्टिमीटरवर थंड असताना रेझिस्टन्स मर्यादेत, गरम असताना सर्किट ओपन, म्हणजे आतली जोडणी तुटलेली. (ही चाचणी दोन तारांच्या कॉइलवाल्या सेन्सरचीच, हॉल सेन्सर, म्हणजे कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, असा मोजू नये.) सेन्सरवर गार पाण्याचा फडका धरला आणि थोड्याच वेळात इंजिनाने पकड घेतली.

नवा सेन्सर बसवला, त्याची वायर एक्झॉस्टपासून लांब बांधली. आता तापलेली गाडीही लगेच सुरू होते.