जुनं एअर पिस्तूल घेताय? या चुका टाळा

राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापुरात पोरीनं पिस्तूल शिकायचं म्हटलं, तर घरचे सहसा अडवत नाहीत. अडतं ते पैशावर. मग कुणीतरी स्पर्धेचं जुनं पिस्तूल विकायला काढलेलं कळतं, आणि नळी चकचकीत, मूठ धड एवढं बघून पालक पैसे मोजतात.

आधी सिलिंडरवरची, म्हणजे छर्रा ढकलणारी हवा किंवा वायू साठवणाऱ्या टाकीवरची, तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडरला उत्पादकाची मुदत बंधनकारक आहे, जास्तीत जास्त १० वर्षं. ती उलटली असेल तर पिस्तूल कितीही नेमकं असो, तपासणीत अडकू शकतं. शिवाय आत २०० बारपर्यंत दाब असतो, तेव्हा प्रश्न सुरक्षेचाही आहे. नव्या सिलिंडरची किंमत जुन्या पिस्तुलाच्या भावात मिळवा, मगच ते स्वस्त म्हणा.

दुसरी चूक वायूची. स्टायर एलपी १ सारखी जुनी मॉडेल कार्बन डायऑक्साइडवर चालत. २० अंशांना त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो, ऊन चढेल तसा तोही चढतो, आणि ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात टिकतच नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली छर्रे वर-खाली लागू लागले की पोर स्वतःच्या हाताला दोष देते. याचं मला फार वाईट वाटतं. नव्या पिस्तुलांत दाबलेली हवा असते आणि रेग्युलेटर प्रत्येक शॉटला जवळपास सारखाच दाब देतो. मात्र आपल्या पावसाळ्यात हातपंपानं भरताना दमट हवा आत जाते, म्हणून ओलावा धरणारा फिल्टर हवाच.

स्प्रिंगवरच्या फाइनवेर्कबाऊ ६५ ला सिलिंडरच नाही, त्यामुळे मुदतीची कटकट नाही. सरावाला आजही उत्तम. पण स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि दर शॉटला बाजूचा दांडा ओढायचा, हे लहान वयाच्या खांद्याला जड जातं.

मॉडेल कोणतंही असो, मूठ मुलीच्याच हातात धरून बघा. वडिलांच्या हाताला बसली म्हणून घेऊ नका. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून पिस्तूल उभं उचला. वजन न उचलता ट्रिगर सुटला तर आधीच्या मालकानं तो हलका केलेला असणार.

हवेचं पिस्तूल असेल तर सिलिंडर भरून, पिस्तुलाला जोडून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उतरलेला दिसला, तर त्या मॉडेलची सील मिळतात का हे कळेपर्यंत इसार देऊ नका.