ठिबक सुरू करण्याआधी फिल्टर उघडून बघा

पाऊस उघडला की रब्बीच्या कांद्याला, हरभऱ्याला, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला ठिबक पुन्हा सुरू होते. चार महिने बंद असलेल्या फिल्टरमध्ये गाळ वाळून बसलेला असतो, रबरी सील कडक झालेले असते, कधी आत गांधीलमाशीचे पोळेही निघते. त्यात विहिरीचे पाणी अजून गढूळच. म्हणून मोटरचे बटण दाबण्याआधी फिल्टरचे झाकण उघडा.

ड्रीपरमधली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतली, पाण्याची वाट जेमतेम एक मिलिमीटरची, काही ड्रीपरमध्ये त्याहूनही अरुंद. त्या वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याहून मोठा कण पुढे जाऊ द्यायचा नाही, असा ठोकताळा आहे, कारण बारीक कणही एकमेकांना अडून तोंड बंद करतात. म्हणूनच ठिबकला साधारण 120 मेशची (एका इंचात 120 भोके), म्हणजे 130 मायक्रॉनची जाळी लागते. दुकानात जाळी मागताना मेशचा आकडा सांगा. नुसते ‘दोन इंची फिल्टर’ म्हटले की हातात जे येईल ते मिळते.

जाळी बाहेर काढून उन्हाकडे धरा. टाचणीएवढे भोक दिसले तरी बदला, एम-सील लावून दिवस काढू नका. धुताना मऊ नायलॉनचा ब्रश आणि पाण्याची धार पुरते. तारेच्या ब्रशने जाळीची भोके मोठी होतात. त्याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जाळीच्या दोन्ही टोकांचे रबर. ते नीट बसले नाही तर पाणी जाळीतून न जाता कडेने निसटते. जाळी वरून स्वच्छ दिसते, आपण खूश असतो आणि गाळ लॅटरलमध्ये, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळीत, जाऊन बसतो. सीलची एक जोडी घरात जादा ठेवाच. बसवताना फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने आहे का तेही बघा, उलटा बसवला तर जाळी दाबाने चेपते.

पाणी कुठले, त्यावर फिल्टर ठरतो. शेततळ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यात शेवाळ असते. तिथे एकटा जाळीचा फिल्टर तासाभरात लेप धरतो, आधी सँड फिल्टर, म्हणजे वाळूच्या थरातून पाणी गाळणारी टाकी, हवाच. बोअरच्या पाण्यातून वाळू येत असेल तर सर्वांत आधी हायड्रोसायक्लोन. तो पाणी गरगर फिरवून वाळू खाली बसवतो, पण शेवाळ त्याला अडवता येत नाही. शिवाय मोटरच्या प्रवाहापेक्षा तो मोठा घेतला तर पाणी जोरात फिरतच नाही. खताची वेंचुरी (खत ओढून पाण्यात मिसळणारी नळी) सँड फिल्टरनंतर आणि जाळी किंवा डिस्क (चकत्यांच्या) फिल्टरच्या आधी घ्या, म्हणजे न विरघळलेले खत जाळीवरच अडेल.

सँड फिल्टर रोज पाच मिनिटे उलट्या प्रवाहाने धुवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरा. हाताला वाळूचे दाणे लागले तर व्हॉल्व थोडा आवळा, नाहीतर गाळाबरोबर वाळूही वाहून जाईल. हंगामाच्या सुरुवातीला झाकण काढून वाळू हाताने ढवळून मगच धुवा, गोळे झालेली वाळू नुसत्या पाण्याने सुटत नाही. वाळू कमी झाली असेल तर धारदार कडांची सिलिकाच भरा, नदीची गोल वाळू चालत नाही.

फुटव्हॉलला, म्हणजे पंपाच्या ओढनळीच्या पाण्यातल्या तोंडाला, मच्छरदाणी किंवा साडी गुंडाळायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडलेली बरी. ओढीच्या बाजूला अडथळा आला की पंप हवा धरतो आणि पाणी तुटते. बारीक गाळणी नेहमी पंपानंतरच. शेततळ्यात फुटव्हॉल ड्रमला बांधून पृष्ठभागाखाली एक-दोन फूट तरंगता ठेवला, तर वरचे शेवाळ आणि तळचा गाळ दोन्ही टळतात.

फिल्टर कधी धुवायचा हे वारावर ठरवू नका, गेजवर (दाबमापकावर) ठरवा. फिल्टरच्या आधी आणि नंतर दाब मोजा. स्वच्छ फिल्टरमध्ये फरक साधारण 0.2 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) असतो, तो 0.5 च्या आसपास गेला की मोटर बंद करून धुवा. दोन गेजमध्येच तफावत असू शकते, म्हणून एकच गेज तीनतोंडी कॉकवर लावून दोन्हीकडचा दाब वाचणे चांगले. फरक अचानक शून्यावर आला तर आनंद मानू नका, बहुधा जाळी फाटली असेल.

रात्रीच्या लाइटीला फिल्टर तुंबला की जाळीच काढून पाणी सोडून देणारे खूप आहेत. रात्र निघते, पण पुढे अख्ख्या प्लॉटचे ड्रीपर ॲसिडने धुवायची पाळी येते. धुऊन ठेवलेली दुसरी जाळी हाताशी असली तर बदलायला पाच मिनिटे लागतात.

जीवामृत ठिबकमधून सोडणाऱ्यांनी ते आधी दोनदा फडक्यातून गाळावे, सोडून झाल्यावर साधे पाणी चालवावे आणि फिल्टर त्याच दिवशी धुवावा. शेणाचा लेप वाळला की जाळी सहज सुटत नाही.

फिल्टर बसवून झाला की आधी मेन (मुख्य पाइप), मग सबमेनचे (त्याच्या फाट्याचे) फ्लश व्हॉल्व उघडा. पाणी निवळ आल्यावर लॅटरलची टोके सोडा, आणि तीही स्वच्छ झाल्यावरच बंद करा.