पऱ्हाटीपासून इथेनॉलपर्यंत: एन्झाइम संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मायक्रोबायॉलॉजीची मुलं मला हमखास विचारतात, की जैवइंधनात संशोधन करायचं तर पुण्या-मुंबईलाच जावं लागेल का? मोठी यंत्रं तिकडे आहेत हे खरं. पण कच्चा माल आपल्या बांधावर पडलाय, आणि या विषयात खरी कसोटी कच्च्या मालावरच लागते.

रावेर-यावलकडे केळीचा घड उतरवला की खोड उरतं. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची काडी, उरते. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून फरदड (वेचणीनंतर तेच पीक राखून पुन्हा कापूस घेणं) न घेता ती वेळेवर उपटायला सांगतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत हवी तितकी मिळते. सेल्युलोज, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या, दोन्हींत आहे. एन्झाइम त्या तोडून साखर सुटी करतं आणि यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं. दोन्हींचे स्वभाव मात्र निराळे. केळीचं खोड मऊ, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) कमी, पण वजनात बहुतेक पाणीच. लांब न्यायचं तर भाडं पाण्याचं भरायचं. पऱ्हाटी वाळकी, साठवायला सोपी, पण लाकडासारखी. अल्कलीची किंवा सौम्य आम्लाची प्रक्रिया केल्याशिवाय एन्झाइमला आत शिरता येत नाही. आम्लासोबत उष्णता जास्त झाली की फरफ्युरलसारखी द्रव्यं तयार होतात आणि पुढे यीस्ट मंदावतं. प्रबंधाचा विषय निवडताना आधी हे दोन ढीग जवळून बघा, मग शोधनिबंध वाचा.

सुरुवात बहुतेकांची एकाच प्रयोगानं होते. कुजत्या खोडाखालची माती आणायची, सीएमसी (सेल्युलोजचं विरघळणारं रूप) घातलेल्या अगारवर जंतू वाढवायचे, प्लेटवर काँगो रेड हा रंग ओतायचा, थोड्या वेळानं मिठाच्या द्रावणानं धुवायचं. लाल प्लेटवर वसाहतीभोवती पिवळसर वलय उमटतं. ते फार सुंदर दिसतं, पण तिथे थांबू नका. सीएमसी विरघळणारं असतं. त्यावरचं वलय म्हणजे मुख्यतः एंडोग्लुकानेज, साखळी मधूनच तोडणारं एन्झाइम. पूर्ण सेल्युलोज फोडायला साखळी टोकाकडून तोडणारं एक्सोग्लुकानेज आणि शेवटच्या छोट्या तुकड्यांचं ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसिडेजही लागतं.

म्हणून ‘फिल्टर पेपर असे’ (assay), म्हणजे एन्झाइमची ताकद कागदावर मोजायची चाचणी, मनापासून शिका. व्हॉटमन नंबर 1 ची 1 गुणिले 6 सेंटिमीटरची पट्टी, वजन साधारण 50 मिलिग्रॅम, पीएच 4.8 चं सायट्रेट बफर, 50 अंश सेल्सिअस, एक तास. मग डीएनएस हे साखर ओळखणारं रसायन घालून उकळायचं. साखर जितकी सुटली तितका रंग पिवळ्याकडून विटकरीकडे जातो, आणि 540 नॅनोमीटरला वाचन घ्यायचं. ही पद्धत 1987 मध्ये आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी मांडली आणि आजही जगभर तिचाच दाखला देतात. त्यानंतर तेच एन्झाइम प्रक्रिया केलेल्या पऱ्हाटीवर चालवा. पेपरवर जोरात असलेलं एन्झाइम पऱ्हाटीवर गळपटतं, आणि ते का गळपटलं हाच खरा संशोधनाचा प्रश्न.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात ट्रायकोडर्मा रीसेई या सेल्युलोज फोडणाऱ्या बुरशीची गोष्ट माहीत हवीच. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती सामान कुजत होतं. त्यातूनच ही बुरशी हाती आली. तिच्यात बीटा-ग्लुकोसिडेज कमी पडतं, सेलोबायोज (दोन ग्लुकोजचा तुकडा) साचतं आणि त्यानंच सेल्युलेजचं, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमांचं, काम अडतं. म्हणून जोडीला ॲस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचं एन्झाइम घालतात. उष्णता सोसणारे जंतू हवे असतील तर चोपडा तालुक्यातलं उनपदेवचं गरम पाण्याचं कुंड आहेच. प्रमाणित संवर्ध हवे असतील तर पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मधल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहाकडून मागवता येतात.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएच.डी.साठीची संशोधन फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच नेट आणि गेटची तयारी धरा; फेलोशिप हाती असली की मार्गदर्शक आणि विषय निवडायला मोकळीक राहते.

नोकरीचं म्हणाल तर पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला, पण असे प्रकल्प अजून मोजकेच आहेत. नुसतं ‘जैवइंधन’ धरून बसू नका. सेल्युलेज कापडाच्या बायोपॉलिशिंगला (एन्झाइमनं कापड गुळगुळीत करायला) लागतं, डिटर्जंटला लागतं, फळांच्या रसाला, पशुखाद्याला लागतं. फर्मेंटर (जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवायचं यंत्र) चालवता येणारा, चाचणीचे आकडे बिनचूक देणारा माणूस या सगळ्यांना हवा असतो. पीएच.डी.च्या काळात फ्लास्कवरून निदान पाच लिटरच्या फर्मेंटरपर्यंत जाता येईल अशीच प्रयोगशाळा बघा, आणि प्रवेश घेण्याआधी ते यंत्र चालू आहे का हे प्रत्यक्ष जाऊन विचारा.