ठाण्याहून एका दिवसात भाजे आणि कार्ले: गट घेऊन जाणाऱ्यांसाठी

सोसायटीतील किंवा ज्येष्ठ नागरिक संघातील पंधरा-वीस जणांना घेऊन डोंगरातले बौद्ध विहार दाखवायचे असतील, तर ठाणेकरांना भाजे आणि कार्ले ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात नीट पाहता येतात. गटाचा मार्गदर्शक म्हणून आपल्याला एकच गोष्ट साधायची असते: ही नुसती कोरीव लेणी नसून इथे माणसे राहत होती, पाणी साठवत होती, पावसाळा काढत होती, हे लोकांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. म्हणून प्रसिद्ध कार्ल्याऐवजी भाज्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते. तिचे आरक्षण आधीच करून ठेवावे. लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल घेतली की पुढचेच स्थानक मळवली. दुपारच्या वेळी या लोकल विरळ असतात, त्यामुळे मळवलीला सकाळीच पोहोचणे महत्त्वाचे आहे. गाडी कर्जत सोडून बोरघाट चढू लागली की पहिली माहिती तिथेच सांगावी. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून देशावर जाणारे व्यापारी याच घाटातून चढत असत, आणि त्यांच्या वाटेलगतच हे विहार कोरले गेले. घाटवाट आणि विहार यांचा हा संबंध एकदा कळला की पुढचे सगळे समजावणे सोपे जाते.

मळवलीहून भाजे गाव चालत अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेला हा 22 लेण्यांचा समूह आहे. पायऱ्या चढून गेल्यावर लोकांची पावले आपोआप चैत्यगृहाकडे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाकडे, वळतात, परंतु त्यांना आधी शेजारच्या खोल्यांकडे न्यावे. एका खोलीत दोन-तीन जणांनाच पाठवावे आणि दगडातच राखलेला झोपण्याचा ओटा पाहायला सांगावे. मग पाण्याचे टाके दाखवावे. इथल्या एका टाक्यावर महारठी (ही त्या काळची पदवी) कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने ते दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे आणि त्यात टाक्यासाठी ‘पोढी’ हा शब्द आला आहे. ओटा आणि पोढी पाहून झाल्यावर चैत्यगृहात गेलेला माणूस वेगळ्या नजरेने पाहतो, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. तिथले अष्टकोनी खांब आत कललेले का, असे लोक स्वतःहून विचारतात. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरके बसवत. कारागिरांनी तीच रीत दगडात उतरवली, हे उत्तर तिथेच उभे राहून द्यावे.

डबा खाली गावात येऊन खावा. लेण्यांत खाणे उघडले की माकडे येतात. कार्ल्याला जाण्यासाठीच्या रिक्षा मात्र सकाळीच ठरवून ठेवाव्यात. एकदा मी ते केले नाही आणि ज्येष्ठांना उन्हात बराच वेळ ताटकळावे लागले.

कार्ल्याच्या पायथ्याच्या गावाचे नाव वेहेरगाव. ‘वेहेर’ म्हणजे विहार, असे मानले जाते. येथून सुमारे 350 पायऱ्या आहेत. चढताना माहिती सांगू नये; धापा टाकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. वर चैत्याच्या समोरच एकवीरा आईचे मंदिर आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या आगरी-कोळी कुटुंबांची ती कुलस्वामिनी असल्याने गटातील अनेकांना दर्शन घ्यायचे असतेच, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. चैत्रातली यात्रा, नवरात्र आणि रविवार मात्र टाळावेत.

चैत्यगृहात शिरल्यावर सर्वांना दोन मिनिटे गप्प उभे करावे, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. नंतर वर पाहायला सांगावे: छताच्या कमानी सागवानाच्या आहेत आणि त्या मूळच्याच आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच आहे. एकूण 37 खांबांपैकी दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब घडीव, त्यांवर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्या पाठीवर जोडपी. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. हे खांब वेगवेगळ्या माणसांनी दान दिलेले आहेत. धेनुकाकट या प्राचीन गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशीयांची, नावे आहेत, आणि सोपाऱ्याच्या सातिमिताचेही आहे. हे सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा, 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. तो खांब आधी स्वतः शोधून ठेवावा आणि गटाला त्याच्यासमोर थांबवावे. अक्षरांना हात लावू देऊ नये.

चैत्य पश्चिमाभिमुख असल्याने दुपारी तीननंतर मोठ्या गवाक्षातून प्रकाश आत येतो, म्हणून वेळापत्रक त्याभोवती आखावे. परतताना मळवलीला न जाता रिक्षाने थेट लोणावळा गाठावे आणि फलाटावर पुन्हा एकदा माणसे मोजावीत.