न्यू जर्सीत पहिलं घर घेतलंत? लॉनचं काम गणपती ते दसऱ्यात उरका

एडिसन, प्लेन्सबरो, मनरो या पट्ट्यात आपली बरीच मंडळी मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत घराचा ताबा घेतात. जूनमध्ये लॉन छान हिरवंगार असतं. ऑगस्ट संपता संपता ते जागोजागी पिवळं पडतं आणि मग मला फोन येतात. बहुतेकांचा बेत एकच असतो: आता थंडीच येणार, एप्रिलमध्ये बघू. कृपा करून एप्रिलची वाट बघू नका.

इथल्या लॉनमधलं गवत थंड हवेचं आहे. टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, बहुवर्षायू रायग्रास हे त्याचे नेहमीचे प्रकार. कडक उन्हात ते वाढ थांबवतं. सप्टेंबरमध्ये रात्री गार होतात, पण जमीन अजून उबदार असते, म्हणून बी पटकन रुजतं आणि मुळांना वाढायला पुढचे दोन महिने मिळतात. क्रॅबग्राससारखं वर्षायू, म्हणजे एकाच हंगामापुरतं जगणारं तण, दव गोठवणारी पहिली कडक थंडी पडली की आपोआप मरतं. एप्रिलमध्ये पेरलेल्या कोवळ्या रोपाला आधी त्याच तणाशी झगडावं लागतं आणि मुळं खोल जायच्या आत जुलैचं ऊन येतं. गावाकडे शेती असेल तर याला रब्बीची पेरणी समजा, लगेच पटेल.

तारखा लक्षात ठेवायला आपले सण सोयीचे आहेत. गणपतीत माती आणि गवत तपासायचं, घट बसायच्या आत बी टाकायचं. अधिक महिना येऊन सण पुढे गेले तर मात्र इंग्रजी कॅलेंडर पाळा: ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरअखेर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे अगदी शेवटची संधी.

पिवळं गवत मेलेलंच असतं असं नाही. मूठभर धरून ओढून बघा. घट्ट बसलेलं असेल तर ते पाऊस आणि गारवा मिळताच हिरवं होईल. सतरंजीसारखं उचलून हातात आलं, तर खालची माती उकरून हुमणी शोधा. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी, उसाला लागते त्याच जातकुळीतली. इथली बरीचशी हुमणी जपानी भुंगेऱ्याची, आणि हा भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ मध्ये आपल्याच न्यू जर्सीतल्या रिव्हरटनला. चौरस फुटात आठ-दहा अळ्या दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त, मग पेरणी.

खताची पोती आणण्याआधी मातीची तपासणी करून घ्या. रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा ती माफक पैशांत करते. इथली माती बऱ्याचदा आम्लधर्मी असते. चुना टाकायचा का आणि किती, ते अहवालात येतं. अंदाजाने टाकू नका.

खरा फरक पडतो तो एअरेशनने, म्हणजे जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करण्याने. नव्या वसाहतींत बांधकामाच्या यंत्रांनी जमीन इतकी दाबलेली असते की पाणी वरून वाहून जातं. त्यासाठीचं यंत्र, कोअर एअरेटर, भाड्याने मिळतं. ते जड असतं, म्हणून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एका दिवसासाठी आणावं. जमिनीत वाफसा असतानाच चालवा. कोरड्या मातीत दाते शिरत नाहीत आणि चिखलात ते भरून जातात. आधी स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडाजवळ खुणेची झेंडी लावा. एकदा उभं, एकदा आडवं फिरवा. मातीच्या बोटाएवढ्या कांड्या बाहेर पडतील, त्या तिथेच राहू द्या, पावसात विरघळतात.

लगेच बी. उन्हाच्या आणि मुलं खेळतात त्या जागी टॉल फेस्क्यू, मोठ्या झाडाच्या सावलीत फाइन फेस्क्यू. पिशवीवरचं लेबल वाचा: तणाच्या बियांचं प्रमाण शून्याच्या जवळ हवं, आणि वर्षायू रायग्रास भरलेलं स्वस्त मिश्रण घेऊ नका. विरळ लॉनवर टॉल फेस्क्यूचं बी हजार चौरस फुटाला चारेक पौंड पुरतं. दाताळ्याने हलकेच फिरवून बी मातीला लागेल असं बघा, गवतावर अडकलेलं बी फुकट जातं.

मग पाणी, आणि इथे आळस चालत नाही. उगवेपर्यंत दिवसातून दोनदा, थोडं थोडं, वरची माती ओली राहील एवढंच. टॉल फेस्क्यू आठ-दहा दिवसांत डोकावतं, ब्लूग्रासला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा धीर सोडू नका. उगवल्यावर पाळ्या कमी करा आणि पाणी खोल द्या. तीन-चार कापण्या होईपर्यंत तणनाशक लांब ठेवा. क्रॅबग्रास रोखणारी बहुतेक औषधं तुमचं बीही उगवू देत नाहीत.

खताबाबत राज्याचा २०११ चा कायदा आहे. नवीन पेरणी किंवा मातीच्या अहवालातली कमतरता सोडली तर लॉनवर फॉस्फरस टाकता येत नाही, म्हणून बहुतेक पिशव्यांवरच्या तीन आकड्यांतला मधला, म्हणजे फॉस्फरसचा, शून्य दिसेल. घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायला बंदी आहे. जोराच्या पावसाआधी किंवा गोठलेल्या जमिनीवरही टाकायचं नाही, कारण ते थेट ओढ्यात आणि तळ्यात जातं.

कापणी तीन इंचांवरच ठेवा. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नका. पडलेली पानं कोवळ्या रोपांवर साचू देऊ नका, थोडी असतील तर मोवरनेच बारीक करा, जाड थर असेल तर उचला. आणि नोव्हेंबरमध्ये कडक थंडी पडायच्या आत स्प्रिंकलरच्या पाइपांतलं पाणी हवेच्या दाबाने काढून घ्यायला माणूस बोलवा. त्याची वेळ सप्टेंबरमध्येच ठरवून ठेवा, नंतर मिळत नाही.