वकिलाशिवाय ग्रीन कार्ड: आधी जन्मदाखला पाहा

माझा नवरा अमेरिकन नागरिक, मी न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. सगळे फॉर्म आम्हीच भरले: त्याचे आय-१३० (बायकोसाठीचा अर्ज) आणि आय-८६४ (आर्थिक हमी), माझे आय-१३०ए (माझी माहिती) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज). सगळे एकाच पाकिटात पाठवता येतात.

खरा वेळ खाल्ला जन्मदाखल्याने. त्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं ‘स्त्री’. आईने नगरपालिकेत खेटे घालून ते चढवून घेतलं. तुम्ही हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. नाव चढत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडा. दाखला मराठीत असेल तर शिक्क्यांसकट पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. खाली भाषांतर करणाऱ्याने ‘दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं लिहून सही करायची. नोटरी लागत नाही.

वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ आता अर्जासोबतच द्यावा लागतो. डॉक्टरने दिलेलं बंद पाकीट फोडू नका.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून लग्नाच्या फोटोंपेक्षा दोघांच्या नावाचा भाडेकरार, जोडखातं, एकत्र टॅक्स रिटर्न यांवर मी जास्त भर दिला.

पूर्वी पोलीस केस झाली असेल तर मात्र वकील गाठाच.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मंजुरी मिळाली तर कार्ड दोनच वर्षांचं असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज, भरायचा.