कुत्रा-मांजर आजारी पडलं तर घरी काय करावं, काय टाळावं

घरगुती उपाय म्हटलं की हात आधी मिसळणाच्या डब्याकडे जातो. हळद, लसूण, हिंग, ओवा. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा डबा बंदच ठेवायचा. त्यांच्यासाठी घरात खरोखर उपयोगी पडतात त्या गोष्टी अगदी साध्या आहेत: स्वच्छ पाणी, मीठ, मऊ भात, लाल भोपळा, पंखा, चिमटा आणि बारीक दातांची फणी. एवढ्यावर बरीचशी किरकोळ दुखणी निभावतात. मोठ्या दुखण्यात मात्र हे उपाय फक्त दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ देतात.

आधी दोन मिनिटं तपासा

नाक कोरडं म्हणजे ताप, ही समजूत सोडून द्या. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. ताप थर्मामीटरनेच कळतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडं खोबरेल तेल लावून ते गुदद्वारात साधारण दोन सेंटिमीटर आत धरा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, मांजराचंही जवळपास तेवढंच. माणसाच्या हिशोबाने तो ताप वाटतो, पण तो नसतो. हा थर्मामीटर वेगळा ठेवा, हे सांगायची गरज नसावी.

मग ओठ वर करून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती हळूहळू खाली बसली, तर अंगातलं पाणी कमी झालंय. हिरडी पांढरी, निळसर किंवा विटकरी दिसली तर पुढचं काहीही घरी करत बसू नका. गाडी काढा.

उन्हाचा तडाखा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरांत दुपारी बसवत नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्यातूनच अंग थंड करतो. पग, शित्झू, पर्शियन मांजर अशा बसक्या नाकाच्या जातींना हेही धड जमत नाही. धाप थांबत नाही, घट्ट चिकट लाळ गळते, पाय लटपटतात, उलटी होते, हिरड्या लालभडक होतात, ही उष्माघाताची लक्षणं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तेवढं एकच लक्षण पुरेसं आहे.

अशा वेळी क्रम असा ठेवा:

१. लगेच सावलीत, फरशीवर न्या आणि पंखा किंवा कूलर थेट अंगावर सोडा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे ओल्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि अंग लवकर थंड होतं.

२. पाणी ओता, पण आधी हात घालून बघा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी कढतच असतं. माठातलं किंवा घरातल्या हौदातलं घ्या. पोट, काखा, जांघा आणि पंजे आधी भिजवा. दाट केसांच्या कुत्र्याचे केस बोटांनी फाकवून पाणी कातडीपर्यंत जाऊ द्या.

३. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका. इथे सगळ्यात जास्त चूक होते, कारण सोलापुरात घरोघरी टॉवेलला तोटा नाही. पांघरलेला टॉवेल काही मिनिटांत गरम होतो आणि अंगातली उष्णता आतच कोंडतो. ओला टॉवेल अंगाखाली अंथरा, नाहीतर सारखं पाणी ओतत राहा.

४. शुद्धीवर असेल तर पाण्याचं भांडं पुढे ठेवा. तोंडात ओतू नका, पाणी फुप्फुसात जातं.

५. ताप १०३ फॅरनहाइटवर आला की पाणी थांबवा. त्यापुढे अंग भिजवत राहिलं तर ते गरजेपेक्षा जास्त गार पडतं.

त्यानंतर जनावर उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याच्या क्रियेचं नुकसान काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसून येतं.

उन्हाळ्यात फिरवायचं ते सकाळी सातच्या आत. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबरी रस्ता तापलेलाच असतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पाण्याचं प्रमाण: दर किलो वजनाला दिवसाकाठी साधारण ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला किमान अर्धा लिटर, उन्हाळ्यात जास्त. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंपात साठवलेलं पाणी देणं चालतं, पण भांडं रोज घासून पाणी बदला.

जुलाब आणि उलटी

शिळं अन्न, लग्नातलं तेलकट, अचानक बदललेलं खाणं, दूध. बहुतेक जुलाबांची कारणं एवढीच. वाढ झालेला कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, शेपूट हलवतोय आणि फक्त शी पातळ आहे, तर दोन दिवस घरी बघायला हरकत नाही.

एक वाटी तांदूळ चार-पाच वाट्या पाण्यात गिचका शिजवा. मीठ नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच. कातडी आणि हाडं काढलेलं चिकन साध्या पाण्यात उकडून कुस्करा. दोन भाग भात, एक भाग चिकन. शाकाहारी घरात चिकनऐवजी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालतो. तोही नको असेल तर भातात दोन चमचे ताजं गोडं दही घाला. उकडून कुस्करलेला लाल भोपळा दहा किलोच्या कुत्र्याला एका जेवणात एक मोठा चमचा. त्यातला चोथा पातळ शी बांधतो, आणि बद्धकोष्ठात तोच चोथा शी मऊही करतो. म्हणूनच या घरगुती औषधांत भोपळ्याचा नंबर पहिला.

प्रमाणात मात्र घोटाळा होतो. कुत्रा भुकेला दिसला की वाडगंभर भात वाढला जातो आणि तासाभरात उलटून पडतो. पहिल्या वेळी तीन-चार मोठे चमचेच द्या. टिकलं तर दर तीन-चार तासांनी तेवढंच, मग थोडं वाढवत. शी बांधून आल्यावर नेहमीचं खाणं पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धं, असं चार दिवसांत परत आणा.

पाण्यासाठी औषधाच्या दुकानातली साधी ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापानेच कालवा. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर जुलाबाने कोरडं पडलेलं शरीर आणखी कोरडं पडतं. दहा किलोच्या कुत्र्याला दर अर्ध्या तासाने दोन-तीन मोठे चमचे पुढे ठेवा. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. शुगर-फ्री काहीही नको, कारण त्यात साखरेऐवजी झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीला खाली आणतं.

माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. शीमध्ये रक्त असेल, शी डांबरासारखी काळी असेल, पाणीही पोटात टिकत नसेल, किंवा मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगून त्याला नुसत्याच कोरड्या उलट्या येत असतील, तर भात शिजवत बसू नका. आणि लस न झालेल्या पिल्लाला उलटीबरोबर दुर्गंधी, रक्ताळ जुलाब होत असतील तर तो पार्व्हो असू शकतो. त्यात तासांचा हिशोब असतो. पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात द्यायची आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची. या रोगावर घरगुती तोडगा नाही.

गोचीड आणि पिसवा

कानाच्या आत, गळ्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली रोज हात फिरवा. वाटाण्याएवढी राखाडी गाठ लागली तर ती रक्त पिऊन फुगलेली गोचीड.

काढायची पद्धत: बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडीला तोंडाजवळ धरा आणि पिरगळा न देता सरळ, सावकाश ओढा. पोटाला धरलं की ती फुटते. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, तेल चोपडणं हे सगळं उलटं पडतं. त्रासलेली गोचीड पोटातलं कातडीत ओकते आणि रोगाचे जंतू आत जातात. काढलेली गोचीड स्पिरिट किंवा साबणाच्या पाण्यात टाका, नखाने चिरडू नका. जागा साबणाने धुवा.

कुत्र्यावर दिसतात त्याहून जास्त गोचिडी घरात असतात. मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडी वाड्याच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या बसण्याची जागा रोज झाडा, भेगांत उकळतं पाणी सोडा, मोठ्या भेगा सिमेंटने बुजवा. अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. हे दोन महिने चुकवायचं नाही. अंड्यांची नवी फळी येतच राहते.

कडुलिंबाबद्दल खरं सांगायचं तर पाल्याच्या पाण्याने गोचीड मरत नाही. दोन मुठी पाला दोन लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळून, गाळून, गार करून अंघोळीनंतर शेवटचं पाणी म्हणून कुत्र्यावर ओतलं तर खाज थोडी शमते, एवढंच. मांजरावर तेही नको, कारण ते सगळं चाटून पोटात घेतं. कडुलिंबाचं निव्वळ तेल, कापूर, निलगिरी, डांबराच्या गोळ्या मांजराच्या आसपासही आणू नका. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडीच्या औषधात परमेथ्रिन असेल तर त्याचे चार थेंब मांजराचा जीव घेऊ शकतात.

पिसवा थोड्याच असतील तर फणी आणि साबणाचं पाणी पुरतं. केसांतून फणी फिरवायची, पाण्यात बुडवायची, पुन्हा फिरवायची.

गोचीड झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत कुत्रा खाणं सोडू लागला, ताप आला, हिरड्या फिकट झाल्या किंवा नाकातून रक्त आलं तर तो गोचीड ताप समजा आणि रक्त तपासून घ्या.

जखम, खाज, कान

अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ. हे जखमेचं पाणी. सुई नसलेल्या सिरिंजने किंवा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने धार मारून माती निघेपर्यंत धुवा, दिवसातून दोनदा. हळद भरू नका. ती वर खपली धरते, खाली पू साचतो आणि डॉक्टरला जखम दिसतच नाही. डेटॉल आणि फिनाईल मांजराला विषारी आहेत. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत आळ्या पडतात. त्या डॉक्टरांकडूनच काढून घ्या.

लूत लागलेल्या भटक्या कुत्र्यावर जळकं ऑइल ओतण्याची पद्धत अजून दिसते. ते चाटून पोटात जातं, कातडी भाजते ती वेगळीच. लुतीवर आता चांगली औषधं आहेत.

नुसती कोरडी खाज असेल तर एक वाटी साधे ओट्स मिक्सरमध्ये बारीक करून कोमट पाण्यात कालवा, कुत्र्याच्या अंगावर दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. गोल टक्कल पडलेला चट्टा मात्र नायटा असू शकतो. तो मुलांनाही लागतो.

कानातून वास, काळा भुगा किंवा पू येत असेल तर घरी काही घालू नका. कापसाच्या काडीने मळ आणखी आत ढकलला जातो.

कुत्रा चावला, ओरखडला, मग तो घरचा असो की गल्लीतला, तर माणसाची जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा दवाखाना गाठून रेबीजची लस सुरू करा. जखमेवर तिखट किंवा चुना लावू नका. आपल्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याने चावलं असेल तर त्यालाही लस लागते.

मांजराचं गणित वेगळं

कुत्र्याला उपाशी ठेवून पोटाला आराम देता येतो, मांजराला नाही. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं. म्हणून एक दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका. जुलाब असतील तर भात नको. उकडलेलं चिकन आणि चहाचा एक चमचा भोपळा. दूध बंद. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचतच नाही.

बोका पुन्हा पुन्हा वाळूत बसतो, कण्हतो, जोर करतो आणि काही होत नाही. घरातले म्हणतात बद्धकोष्ठ, आणि एरंडेल पाजतात. पण वाळू ओली आहे का ते कोणी बघत नाही. लघवी अडकलेला बोका एक-दोन दिवसांत जातो. पोटाच्या मागच्या बाजूला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा कडक गोळा लागला तर तो भरलेला मूत्राशय असू शकतो. तो दाबू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला फोन करा.

पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. ताप आहे म्हणून तुकडा मोडून देऊ नका. कुत्र्यालाही आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका.

ताटातलं काय देऊ नये

ज्वारीची भाकरी चालते. तिच्यावरची शेंगा चटणी चालत नाही. तिच्यातला लसूण, तसाच आमटीतला कांदा, तांबड्या रक्तपेशी फोडतो. थोडं थोडं रोज दिलं तरी साचत जातं, आणि मांजराला तर फारच कमी पुरतं. जंतांसाठी लसूण देणारेही बरेच आहेत; जंत तसेच राहतात, रक्त तेवढं कमी होतं. जंताचं औषध वजनावर मोजून द्यायचं असतं, मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी.

द्राक्षं आणि बेदाणे आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतात. कुत्र्याचं मूत्रपिंड त्याने बंद पडू शकतं, आणि किती खाल्ल्यावर ते होईल याचा अंदाज देता येत नाही. चॉकलेटही तसंच टाळा. असलं काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. मिठाचीच विषबाधा होते. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं हे कागदावर लिहा, वेष्टण पिशवीत टाका आणि दोन्ही घेऊन दवाखान्यात जा.